वाफेचा हिशेब

इचलकरंजी. सकाळची पाळी नुकतीच लागली आहे. कापडाच्या प्रोसेस हाउसमागच्या शेडमध्ये दोन ढीग आहेत. कोपऱ्यात उरलासुरला कोळसा, दाराशी ब्रिकेट. उसाचा बगॅस, लाकडाचा भुसा, शेंगांची टरफलं दाबून केलेल्या मनगटाएवढ्या कांड्या. ट्रकमधून आणखी उतरताहेत. मुकादम एक कांडी हातात घेऊन मोडून बघतो. ओल लागलेली असली की ती कट्‌कन मोडत नाही, चुरते. पावसाळा तोंडावर आहे, म्हणून ताडपत्र्या आधीच येऊन पडल्यात.

फायरमन मामा बॉयलरच्या भट्टीचं दार उघडतात. झळ थेट तोंडावर येते. ब्रिकेटच्या दोन पाट्या डावी-उजवीकडे पसरून टाकतात आणि दार खाडकन बंद.

"कोळसा एकदा घातला की निवांत," ते सांगतात. "ह्याचं तसं न्हाई. भस्सकन पेटतंय, लगेच बसतंय. थोडं थोडं, पण सारखं घालावं लागतंय."

ब्रिकेटचा बराचसा भाग वायू होऊन ज्वाळेत जळतो. जाळीखालची हवा त्याला पुरत नाही, वरूनही द्यावी लागते. राख मात्र कमी. देशी कोळशात 30 ते 40 टक्के राखच निघते. ती ओढून ओढून मामांचे खांदे गेलेत.

तरुण इंजिनीअर धुराच्या नळीत ऑक्सिजन मोजणारी सळई घालून उभा आहे. ऑक्सिजन 11 टक्के. म्हणजे गरजेपेक्षा कितीतरी जास्त हवा आत येते, तापते आणि चिमणीतून निघून जाते. तो हवेचा डँपर थोडा दाबतो, थांबतो, पुन्हा दाबतो. आकडा 8 वर येतो. धुराचं तापमान 174 अंश. धुराच्या उष्णतेवर पाणी तापवणारा इकॉनॉमायझर बसवण्याआधी ते 240 होतं. धूर 22 अंशांनी थंड झाला की बॉयलरची कार्यक्षमता साधारण एक टक्का वाढते. इथे तीन टक्के आले.

"ब्रिकेटचा कार्बन उसानं हवेतूनच घेतलेला," तो म्हणतो, "पण ते सुकवायला, दाबायला वीज लागते, ट्रकला डिझेल लागतं. बगॅस साखर कारखान्यांनाही हवाच असतो. म्हणून जे जाळायचं तेच कमी करायला हवं."

मग तो मला भिंतीपलीकडे नेतो. कापड वाळवणाऱ्या सिलिंडरांमधून निघालेलं, वाफेचं झालेलं स्वच्छ, कढत पाणी नळातून गटारात पडतंय. आत बॉयलरला पाणी देणाऱ्या फीड टाकीवरचा काटा 36 अंश दाखवतोय. टाकीतलं पाणी 6 अंशांनी जास्त गरम झालं की इंधन एक टक्का वाचतं. हे पाणी परत आणून काटा 66 वर गेला, तर पाच टक्के.

मालक येतात. ब्रिकेटच्या ढिगाकडे समाधानानं बघतात. "ह्याचा फोटो काढून ठेव रे. बाहेरचे गिऱ्हाईक विचारतात, कोळसा बंद केला का म्हणून."

"काढतो, साहेब. जरा हा नळ बघता?"

ते बघतात. पाच टक्क्यांचा हिशेब ऐकतात. मनातल्या मनात महिन्याच्या गाड्या मोजत असावेत.

"पाइप आणि पंपाचं कोटेशन घे."

"आन साहेब," मामा आतून ओरडतात, "वाफ अडवणारे ट्रॅप बी बघायला सांगा! तीन नंबरचा नुसती वाफ सोडतोय!"