लांडगा खातो तरी काय?

शिरूर किंवा दौंड तालुक्यातील एखाद्या मेंढपाळाला ‘लांडगा काय खातो?’ असे विचारून पाहा. ‘आमची मेंढरे!’ असे उत्तर तो लगेच देईल. हाच प्रश्न कॅनडाच्या अगदी उत्तरेकडील एल्समिअर बेटावर काम करणाऱ्या शास्त्रज्ञाला विचारला, तर तो म्हणेल, ‘मस्क-ऑक्स आणि ससे.’ प्राण्याची जात एकच, मग आहारात एवढा फरक का?

प्रथम बर्फातला लांडगा पाहू. एल्समिअर बेटावर हिवाळ्यात सुमारे चार महिने सूर्य उगवतच नाही. तेथे राहणारा पांढरा लांडगा साधारण ३० ते ४५ किलो वजनाचा असतो. मस्क-ऑक्स हा दाट लोकरीचा, बैलासारखा प्राणी त्याच्या कितीतरी पट जड असतो. लांडगे दिसले की मस्क-ऑक्सचा कळप पिलांना आत घेऊन, शिंगे बाहेर रोखून कडे करतो. हे कडे मोडल्याशिवाय लांडग्यांना काही मिळत नाही. म्हणून ते टोळीने भोवती फिरत राहतात आणि कळप घाबरून पळू लागला की मागे पडलेले पिलू धरतात. असे बहुतेक प्रयत्न फसतात. डेव्हिड मीच या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९८६ पासून अनेक उन्हाळे या बेटावर घालवून हे सारे जवळून पाहिले. भक्ष्य विरळ असल्यामुळे तेथील टोळीला हजारो चौरस किलोमीटर मुलूख लागतो. शिकार साधली, की मोठा लांडगा एका वेळी आठ-नऊ किलो मांस खातो आणि मग काही दिवस उपाशीही राहू शकतो.

आता आपल्या माळाकडे येऊ. शिरूर व दौंड हे पर्जन्यछायेतील तालुके. येथे वर्षाला साधारण ५०० मिलिमीटर पाऊस पडतो. अशा हवेत, उथळ मुरमाड जमिनीवर गवताळ माळराने तयार होतात. येथील लांडगा करड्या-तपकिरी रंगाचा, अंगाने सडपातळ आणि साधारण २० किलो वजनाचा. उष्ण प्रदेशात मोठे शरीर व दाट केस गैरसोयीचे ठरतात, कारण शरीरातील उष्णता लवकर बाहेर पडत नाही. येथे मस्क-ऑक्सएवढे भक्ष्यही नाही. आहेत ते ससे, उंदीर, चिंकारा आणि कोठे कोठे काळवीट. त्यामुळे टोळी लहान, बहुधा दोन ते सहा जणांची. उघड्या माळावर लपायला झाडी नसते. म्हणून लांडगा ओढ्याची घळ, बांध किंवा उभ्या ज्वारीचा आडोसा घेतो. एकाने कळपाचे लक्ष वेधायचे आणि दुसऱ्याने आडून झडप घालायची, ही त्याची युक्ती. मेंढपाळही सांगतात, की एक लांडगा कुत्र्यांना आपल्यामागे पळवतो आणि दुसरा उलट बाजूने कोकरू उचलतो.

लांडग्याने काय खाल्ले हे शास्त्रज्ञ कसे ओळखतात? त्याच्या विष्ठेवरून! मांस पचते, पण केस पचत नाहीत. विष्ठा धुऊन, वाळवून त्यातील केस सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले, की त्यांच्या पृष्ठभागावरील खवल्यांच्या नक्षीवरून केस सशाचा, चिंकाऱ्याचा की शेळीचा हे कळते. मात्र येथे एक सावधगिरी हवी. शेळीचा केस सापडला म्हणजे लांडग्याने शेळी मारलीच असे सिद्ध होत नाही. ती मेलेली आणि माळावर टाकलेलीही असू शकते. काय खाल्ले हे केस सांगतात, ते कसे मिळवले हे सांगत नाहीत.

हा भेद महत्त्वाचा आहे. कालव्याचे पाणी आले, तशी माळराने नांगरली गेली आणि तेथे ऊस उभा राहिला. गवत गेले, त्याबरोबर चिंकारेही विरळ झाले. मग लांडग्याला मेंढरे आणि उघड्यावर टाकलेल्या मेलेल्या कोंबड्या यांवर अधिक विसंबावे लागते. अशा उकिरड्यांवर गावकुत्रीही येतात व त्यांचे रोग लांडग्यांना जडू शकतात. पुणे जिल्ह्यात लांडगा व कुत्रा यांचा संकर झाल्याचे २०२३ मध्ये जनुकीय तपासणीने दाखवून दिले.

उसामुळे आणखी एक घोटाळा होतो. शिरूरच्या उसात बिबट्या राहतो व तोही शेळ्या-मेंढ्या मारतो. मग गुन्हेगार कोण? ओल्या मातीतील पाऊल पाहा. बिबट्या चालताना नखे आत ओढून घेतो, त्यामुळे त्याच्या ठशात नखे बहुधा दिसत नाहीत. लांडग्याच्या ठशात ती दिसतात. पण कुत्र्याच्याही ठशात दिसतात! म्हणून घाईने निष्कर्ष काढू नये.

एक मेंढी गेली तरी मेंढपाळाचे मोठे नुकसान होते. पूर्वी त्या रागातून लांडग्यांच्या बिळात धूर करून पिले मारली जात. आज लांडग्याला वन्यजीव संरक्षण कायद्याचे पूर्ण संरक्षण आहे. त्याने जनावर मारल्यास वन खात्याला वेळेत कळवून पंचनामा करून घेतला, तर सरकारकडून भरपाई मिळते. रात्री कळप जाळीच्या कुंपणात ठेवणे आणि राखणीला चांगली कुत्री बाळगणे हे मेंढपाळांचे जुने उपायही उपयोगी पडतात.

शिक्षकांनी विद्यार्थ्यांसह दिवसा, माहीतगार मेंढपाळाला बरोबर घेऊन, जवळच्या माळावर एक फेरी जरूर काढावी. सशाच्या लेंड्या, हरणांच्या वाटा, नाना प्रकारची गवते यांची नोंद वहीत करावी. बिळाजवळ जाऊ नये, विष्ठेला हात लावू नये. दरवर्षी त्याच माळावर अशी नोंद केली, तर लांडग्याचे नैसर्गिक भक्ष्य वाढते आहे की घटते आहे, हे तुम्हांलाच सांगता येईल. ते घटत असेल, तर पुढची झडप मेंढरांवर पडणार हे ओळखावे.