तोंडातील न भरणाऱ्या जखमा : पेम्फिगसची पूर्वचिन्हे (लेखांक चौथा)

सांगली-सातारा भागात तोंडात जखमा झाल्या की ‘तोंड आलंय, उष्णता झाली असेल’ असे म्हणून ताक, सब्जा आणि जीवनसत्त्वाच्या गोळ्या यांवर काही दिवस काढले जातात, आणि साध्या जखमा आठ-पंधरा दिवसांत भरूनही येतात. परंतु तीन आठवडे उलटूनही ज्या भरत नाहीत, उलट एकीला लागून दुसरी उमटत जाते, अशा जखमांमागे ‘पेम्फिगस व्हल्गॅरिस’ हा फोडांचा गंभीर आजार असू शकतो. कारण निम्म्याहून अधिक रुग्णांत त्याची सुरुवात तोंडातूनच होते आणि अंगावर पहिला फोड उठेपर्यंत कित्येक आठवडे, कधी काही महिनेही, तेवढेच लक्षण असते.

या आजारात शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा स्वतःच्याच ‘डेस्मोग्लिन’ या प्रथिनांविरुद्ध प्रतिपिंडे, म्हणजे एरवी जंतूंशी लढणारे घटक, तयार करते. ही प्रथिने त्वचेच्या वरच्या थरातील पेशींना एकमेकींशी जखडून ठेवत असल्यामुळे त्यांच्यावर हल्ला होताच पेशी सुट्या होतात आणि त्यांच्यामधील पोकळीत पाणी साचून फोड येतो. तोंडातील आवरण नाजूक असल्याने तेथील फोड उठताच फुटतो; रुग्णाला फोड असा दिसतच नाही, दिसतात त्या गालाच्या आतील बाजूस, टाळूवर आणि हिरड्यांवर पसरलेल्या, फाटक्या कडांच्या लालभडक जखमा. तिखट कालवण तर सोडाच, भाकरीचा कोरडा घासही उतरत नाही; घशापर्यंत आजार गेल्यास आवाज घोगरा होतो. मशेरी-तंबाखूचे व्यसन असलेल्या या भागात न भरणारी जखम पाहून कर्करोगाची शंका येणे रास्तच आहे आणि ती तपासून घेतलीच पाहिजे. मात्र कर्करोगाची जखम बहुधा एकाच जागी वाढते व तिची कड कठीण लागते, तर पेम्फिगसच्या जखमा अनेक जागी असतात.

पुढे डोक्यात, छाती-पाठीवर, काखेत व जांघेत फोड येतात. ते निरोगी दिसणाऱ्या कातडीवर उठतात, सैल व पातळ असतात, सहज फुटतात, आणि उघडी पडलेली जागा खाजण्यापेक्षा दुखते अधिक. फोडाशेजारची वरवर धड दिसणारी कातडीही बोटाने दाबून घासली असता सुटून येते, या चिन्हास ‘निकोल्स्की चिन्ह’ म्हणतात. ते डॉक्टरांनीच पाहावे, घरी तसा प्रयोग करू नये. खेडोपाडी असे फोड ‘नागीण’ समजून गेरूचा लेप लावण्यात मोलाचे दिवस जातात. नागीण मात्र सहसा शरीराच्या एकाच बाजूस, पट्ट्यासारखी उमटते आणि दोन-चार आठवड्यांत ओसरते. साठीनंतर आधी तीव्र खाज व लाल चट्टे आणि मग टणक, ताठ फोड आले, तर तो बहुधा ‘पेम्फिगॉइड’ हा वेगळा विकार असतो; या दोहोंतील भेद वॉल्टर लीव्हर यांनी १९५३ साली स्पष्ट केला.

पेम्फिगस संसर्गजन्य नाही, हे घरच्यांना ठामपणे सांगणे आवश्यक आहे. रुग्णाचे ताट-तांब्या वेगळे करणे किंवा त्याच्याजवळ लेकरू जाऊ न देणे याला काहीही वैद्यकीय आधार नाही, आणि वेदनेने आधीच खचलेल्या माणसावर तो अन्याय आहे.

स्टेरॉइडपूर्व काळात हा आजार बहुतेक रुग्णांच्या जिवावर बेतत असे. आज चित्र पुष्कळ बदलले आहे, आणि महिन्यातून एकदा सलग तीन दिवस औषधाची मोठी मात्रा शिरेतून देण्याची भारतातील ‘पल्स’ पद्धत दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत डॉ. जे. एस. पसरिचा यांनी विकसित केली. परंतु दुकानातून परस्पर घेतलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्यांनी जखमा तात्पुरत्या दबतात, निदान लांबते आणि गोळ्या अचानक बंद होताच आजार पुन्हा उसळू शकतो. म्हणून जत-आटपाडीच्या किंवा माण-खटावच्या रुग्णाने मिरजेचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय वा कराडचे कृष्णा रुग्णालय येथील त्वचारोग विभाग लवकर गाठावा. तेथे ताज्या फोडाच्या कडेचा एक तुकडा आणि प्रतिपिंडे शोधण्यासाठी शेजारच्या धड दिसणाऱ्या कातडीचा दुसरा तुकडा तपासणीस घेतला जातो. दुसरा तुकडा फॉर्मलीनमध्ये बुडवल्यास ही तपासणी वाया जाते, म्हणून तो वेगळ्या द्रावणात पाठवावा लागतो.