धडधडीचा नकाशा

अजिंठ्याच्या घाटाच्या पायथ्याला फर्दापूर आहे. लेण्यांकडे जाणाऱ्या बस इथल्या टी-पॉइंटवरून सुटतात, म्हणून पर्यटकांना हे नाव ठाऊक असतं. छत्रपती संभाजीनगर इथून शंभरेक किलोमीटर, जळगाव साठेक. अशा गावातल्या बाईची छाती बसल्या जागी धडधडू लागते. ठोके मिनिटाला 180-200 वर जातात, घाम फुटतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. दवाखाना गाठेपर्यंत सगळं थांबलेलं असतं आणि ईसीजी येतो नॉर्मल. मग पित्ताच्या गोळ्या सुरू होतात, किंवा ‘टेन्शन घेऊ नका’ म्हणून बोळवण होते. पुढच्या झटक्याला पुन्हा तेच. बायकांच्या वाट्याला ही बोळवण जास्त येते, आणि अशा धडधडीचा सर्वांत नेहमीचा प्रकार बायकांतच जास्त आढळतो, याची मला फार चीड येते. कारण हा आजार पुष्कळदा कायमचा बरा होतो.

ठोका निघतो उजव्या अलिंदातल्या सायनस नोडमधून. ही गाठ कीथ आणि फ्लॅक यांनी 1907 मध्ये दाखवून दिली. तिथला विद्युतप्रवाह अलिंदांत पसरतो, अलिंद-निलयांमधल्या एव्ही नोडपाशी सुमारे एक दशांश सेकंद रेंगाळतो आणि मग खाली निलयांत उतरतो. फर्दापूरहून अजिंठ्याकडे निघालेली गाडी घाटात हळू होते, तसंच हे. काहींच्या हृदयात मात्र घाट टाळणारी आडवाट जन्मापासून असते. एका वाटेने उतरायचं, दुसरीने परत चढायचं, असं रिंगण एकदा सुरू झालं की ठोके भरधाव सुटतात. या आडवाटेची ईसीजीवरची खूण वुल्फ, पार्किन्सन आणि व्हाइट या तिघांनी 1930 मध्ये नोंदवली, म्हणून डॉक्टर तिला आजही डब्ल्यूपीडब्ल्यू म्हणतात.

वाट आहे हे कळलं, तरी ती नेमकी कुठे आहे? 1968 मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात एका मच्छीमाराची छाती उघडून, धडधडत्या हृदयावर हाताने सळई टेकवत एकेका जागेची वेळ मोजली गेली आणि विल सीली यांनी ती वाट सुरीने कापली. पुढे 1982 पासून छाती न उघडता, शिरेतून घातलेल्या कॅथेटरने ही कामं होऊ लागली. पण कॅथेटर दिसायचा तो एक्स-रेच्या सपाट पडद्यावर, एखाद्या सावलीसारखा. हृदयाच्या भिंती त्यात दिसतच नाहीत.

ही अडचण इस्रायलच्या श्लोमो बेन-हाइम यांनी सोडवली. त्यांनी आणि गेपस्टाइन, हयाम या सहकाऱ्यांनी 1997 मध्ये पद्धत प्रसिद्ध केली. तिच्यावर उभं राहिलेलं यंत्र कार्टो नावाने जगभर पोचलं. रुग्णाच्या टेबलाखालच्या तीन गुंडाळ्या अतिशय मंद चुंबकीय क्षेत्र तयार करतात. कॅथेटरच्या टोकातला बारीक सेन्सर त्या क्षेत्रात आपली जागा मिलिमीटरच्या हिशेबात सांगतो. तेच टोक जिथे टेकेल तिथला विद्युतसंकेतही नोंदवतं. म्हणजे प्रत्येक स्पर्शागणिक दोन गोष्टी हाती येतात: इथे भिंत आहे, आणि इथे प्रवाह अमुक क्षणी पोचला.

जांघेतल्या शिरेतून वर गेलेला कॅथेटर आतून भिंत चाचपत फिरतो, तसा पडद्यावर ठिपक्या-ठिपक्यांनी पोकळीचा आकार उभा राहतो. नेहमीच्या पद्धतीत जिथे प्रवाह सर्वांत आधी पोचला ती जागा लाल, मग पिवळी, हिरवी, निळी, आणि सर्वांत शेवटची जांभळी. झटक्याचा उगम एकाच बिंदूत असेल तर लाल ठिपक्याभोवती रंगांची वलयं पडतात. रिंगण असेल तर लाल आणि जांभळा एकमेकांना भिडतात. दुसरा नकाशा संकेताच्या जोराचा. जुन्या हार्ट अटॅकनंतर निलयाच्या भिंतीवर वण राहतो. तिथला संकेत अर्ध्या मिलिव्होल्टच्याही खाली येतो, तर निरोगी भाग साधारण दीडच्या वर असतो. वणातून जाणाऱ्या चिंचोळ्या जिवंत पट्टीतच जीवघेणं रिंगण दडलेलं असतं.

जागा सापडली की त्याच टोकातून सेकंदाला सुमारे पाच लाख आवर्तनांचा प्रवाह सोडतात. ऊतक 50 अंशांच्या वर तापतं आणि काही मिलिमीटरचा ठिपका कायमचा निकामी होतो. डब्ल्यूपीडब्ल्यूत नेम बरोबर लागला, तर ईसीजीवरची ती आडवाटेची खूण, एक तिरका चढ, काही सेकंदांत नाहीशी होते.

या यंत्राला मी सरसकट डोक्यावर घेणार नाही. एव्ही नोडजवळच्या साध्या रिंगणात, म्हणजे बायकांत जास्त आढळणाऱ्या त्या नेहमीच्या प्रकारात, अनुभवी हात नकाशाशिवायही शंभरात पंचाण्णवच्या आसपास यश देतात. नकाशाने खर्च मात्र वाढतो. त्याची खरी गरज वणातून उठणाऱ्या धडधडीत, अलिंदाच्या फडफडीत आणि जन्मजात दोषांची शस्त्रक्रिया झालेल्या हृदयांत. मुलांना आणि गरोदर बायकांना एक्स-रेपासून वाचवायचं असतं, तिथेही त्याला तोड नाही.

पण रोग्याला टेबलावर घेतल्यावर धडधड मुद्दाम सुरू करावी लागते, आणि कधीकधी ती काही केल्या सुरूच होत नाही. तेव्हा डॉक्टरांच्या हाती एकच दुवा असतो: झटका चालू असताना निघालेला ईसीजी. तो निघू शकतो जवळच्या दवाखान्यातच. म्हणून धडधड सुरू असताना पोचलेल्या रोग्याचा आधी बारा लीडचा ईसीजी काढावा, मग रिंगण तोडणारं अ‍ॅडिनोसिनचं इंजेक्शन द्यावं, आणि इंजेक्शन जाताना कागद चालूच ठेवावा. औषधाचा जोर काही सेकंदांत ओसरतो. रिंगण नेमकं कसं तुटलं, हे त्या काही सेकंदांच्या कागदावरच उमटतं. शेवटी अडकलेली लहर अलिंदाची की निलयाची, यावरून पुण्या-मुंबईच्या ईपी लॅबमधला, म्हणजे हृदयाच्या विद्युतप्रवाहाची तपासणी करणारा, तज्ज्ञ पुष्कळ काही ओळखतो.

तो कागद थर्मल असतो. उन्हाळ्यात पत्र्याच्या घरात, प्लास्टिकच्या पिशवीत तो वर्ष-दोन वर्षांत फिका पडतो. त्याच दिवशी झेरॉक्स काढावी, मोबाइलवर फोटो घ्यावा आणि त्यावर तारीख-वेळ लिहून ठेवावी.