काच दोन बोटं खाली ठेवली की झालं? गाडीत झोपण्याआधी हे वाचा

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला सोपं जातं, त्यांच्यासाठी आजच्या भागाचा हा लेखी अवतार. बोलताना माझं "म्हणजे... तर..." फार होतं, तेवढं काढलंय. बाकी जसं बोलले तसंच आहे.

सुरुवात माझ्या मामेभावापासून करते. आम्ही सगळे त्याला दादाच म्हणतो. मूळचा कराडकडचा, मुंबईत टुरिस्ट गाडी चालवतो. रात्रीचं भाडं सोडलं की पहाटेच्या भाड्यापर्यंत मध्ये तीन-चार तास मिळतात. घरी जाऊन परत यायला वेळ नसतो, मग सीट मागे पाडायची आणि गाडीतच झोपायचं. महिन्यातल्या निम्म्या रात्री तरी अशाच जातात. रील्समध्ये व्हॅन लाइफ दिसते ना, परीकथेतल्या लाइटच्या माळा आणि मागे समुद्र? आपल्याकडची खरी व्हॅन लाइफ दादाची आहे. ट्रकवाल्यांची आहे, वारीत टेम्पोखाली अंथरूण टाकणाऱ्यांची आहे.

मागच्या उन्हाळ्यात दादा जेवायला आला होता. बोलता बोलता म्हणाला, "सकाळी उठलं की डोकं लई जड असतं गं. झोप पुरत नाही, दुसरं काय."

मी विचारलं, "एसी लावून झोपतोस?"

"मग? उकडून मरू का? पण मी काय येडा नाही. काच दोन बोटं खाली असती माझी."

आजचा भाग या दोन बोटांवरच आहे.

आधी समजून घेऊ : एसी चालू म्हणजे इंजिन चालू

आपल्या साध्या पेट्रोल, डिझेल किंवा सीएनजी गाडीत एसीचा कॉम्प्रेसर इंजिनवर चालतो. म्हणजे रात्रभर एसी हवा असेल तर इंजिन रात्रभर चालू राहणार. इंजिन चालू असलं की सायलेन्सरमधून धूर निघणार, आणि त्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. आपण त्याला सीओ म्हणू. इंधन अर्धवट जळलं की हा वायू तयार होतो.

त्याला रंग नाही, वास नाही, आणि डोळेही चुरचुरत नाहीत. आपल्या रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजन वाहून नेतं, पण सीओ त्याला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो. बसमधल्या सगळ्या सीटांवर कुणीतरी रुमाल टाकून ठेवावेत, तसं. बस धावतेय, पण ऑक्सिजनला बसायला जागाच नाही.

"पण गुदमरलं की जाग येईलच ना?" नाही येत. जीव घुसमटल्यासारखा होतो तो मुख्यतः शरीरात कार्बन डायऑक्साइड साठल्यामुळे. इथे तो श्वासावाटे बाहेर पडतच असतो. त्यामुळे शरीर धोक्याची घंटा वाजवतच नाही. झोपलेला माणूस झोपेतून थेट बेशुद्धीत जातो.

मग दोन बोटं काच?

इंजिन बंद असेल तर काच खाली ठेवणं चांगलंच. हवा खेळते, कोंदट वाटत नाही. पण इंजिन चालू असताना ती दोन बोटं भरवशाची नाहीत. धावत्या गाडीचा धूर मागे पडतो. उभ्या गाडीचा धूर गाडीखाली आणि आजूबाजूलाच घुटमळतो. वारा मागून असेल, मागे भिंत किंवा बांध असेल, तर तो परत गाडीकडेच येतो आणि त्याच फटीतून आत शिरतो. सायलेन्सरचा जॉइंट सुटला असेल किंवा पाइप गंजून भोक पडलं असेल, तर धूर मागच्या टोकापर्यंत जातच नाही. तो थेट तुमच्या सीटखाली निघतो. डिकीचं रबर किंवा तळाचा पत्रा खराब असेल तर आत यायला वाट तयारच असते.

"मी रीसर्क्युलेशनचं बटण दाबतो, बाहेरची हवा आत येतच नाही," असंही लोक म्हणतात. गाडी म्हणजे हवाबंद डबा नव्हे. त्या बटणानं हवेची ये-जा कमी होते, थांबत नाही. एकदा आत शिरलेला सीओ मग आतल्या आतच फिरत राहतो.

हे खरंच घडतं

डिसेंबर २०२४ मध्ये केरळात वडकरा इथे रस्त्याकडेला उभ्या असलेल्या कॅरॅव्हॅनमध्ये दोन माणसं मृतावस्थेत सापडली. जनरेटरमधून निघालेला सीओ आत शिरला होता, असं तपासात पुढे आलं. जानेवारी २०२० मध्ये नेपाळमधल्या दामन इथे केरळहून गेलेले आठ पर्यटक, त्यात लहान मुलंही, बंद खोलीत गॅस हीटर लावून झोपले आणि दगावले. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानातल्या मरी या थंड हवेच्या ठिकाणी हिमवादळात गाड्या अडकल्या आणि वीसहून जास्त लोक गेले. थंडी तर होतीच, पण बर्फात गाडलेल्या गाड्या, बंद काचा आणि चालू हीटर यातून झालेली सीओची विषबाधाही त्यामागे असल्याचं सांगितलं गेलं. मनाली-लेहला गाडी घेऊन जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा. सायलेन्सरचं तोंड बुजलं की धूर दुसरी वाट शोधतो. आपल्याकडे बर्फ नाही, पण चिखल आहे, उंच गवत आहे.

पवनेला टेंट लावणाऱ्यांसाठी

धोका गाडीपुरता नाही. बार्बेक्यू झाला, थंडी वाजायला लागली, आणि कुणीतरी म्हणतं, "शेगडी आत घेऊ रे, निखारेच तर उरलेत." नको! धूर न करणारे लाल निखारेच जास्त फसवतात. धुमसणारा कोळसा कितीतरी वेळ सीओ सोडत राहतो. कोळसा, गॅसचा स्टोव्ह, जनरेटर यांपैकी काहीही टेंटमध्ये किंवा गाडीत चालवायचं नाही. थंडीला उपाय म्हणजे चांगली स्लीपिंग बॅग, कानटोपी, पायमोजे आणि खाली जाड मॅट.

ऑक्सिमीटरवर विसंबू नका

कोविडपासून ऑक्सिमीटर घरोघरी आहे, घड्याळातही आलाय. पण साध्या ऑक्सिमीटरला ऑक्सिजन आणि सीओ यांतला फरक कळत नाही. सीओ चिकटलेलं रक्तही त्याला छान लाल दिसतं आणि तो ९८ दाखवू शकतो. हवेची गुणवत्ता दाखवणारी बरीच यंत्रं धूळ मोजतात, सीओ नाही. हवा तो खास सीओ अलार्म. वाहनांसाठी ईएन ५०२९१-२ या मानकाचा बघून घ्या आणि निघण्याआधी टेस्टचं बटण दाबा. आणि हो, अलार्म आहे म्हणून इंजिन चालू ठेवायचं, असं नाही.

झोपण्याआधीची माझी यादी

१. इंजिन बंद. या नियमाला अपवाद नाही. इलेक्ट्रिक गाडीत धुराचा प्रश्न नाही, पण तिच्यातही स्टोव्ह पेटवायचा नाही.

२. दोन्ही बाजूंच्या काचा थोड्या उघड्या आणि त्यावर मच्छरदाणीची जाळी. सोबत यूएसबीवर चालणारा पंखा.

३. जागा उजेडाची आणि माणसांच्या वावराची. पेट्रोल पंप किंवा ढाबा असेल तर आधी विचारून. शेजारी इंजिन चालू ठेवून उभा ट्रक नको. वाळलेलं गवत नको, तापलेल्या सायलेन्सरनं ते पेटू शकतं. पावसाळ्यात नदीपात्र, ओढ्याचा काठ आणि घाटातली दरड अजिबात नको.

४. घरच्या कुणाला तरी लाइव्ह लोकेशन आणि सकाळी किती वाजता फोन करणार ती वेळ.

५. वर्षातून एकदा गॅरेजमध्ये गाडी वर उचलून सायलेन्सर तपासून घ्या.

कुणाला त्रास झालाच तर

डोकं दुखणं, गरगरणं, मळमळ, हातपाय गळून जाणं. घाट लागला किंवा काल जास्त झाली, असं वाटून लोक परत झोपतात. गाडीतल्या दोघा-तिघांना एकदम असं होत असेल तर शंका घ्याच. दारं उघडा, इंजिन बंद करा, सगळ्यांना मोकळ्या हवेत आणा आणि ११२ किंवा १०८ ला फोन करा. बरं वाटलं तरी दवाखान्यात जा. मोकळ्या हवेत रक्तातला सीओ निम्म्यावर यायला चार-पाच तास लागतात, मास्कमधून शुद्ध ऑक्सिजन दिला तर साधारण एक-दीड तास. आणि डॉक्टरांना स्पष्ट सांगा, "गाडीत इंजिन चालू ठेवून झोपलो होतो." नाहीतर ॲसिडिटीची गोळी देऊन घरी पाठवतील.

दादाचं काय झालं?

मी फारच मागे लागल्यावर त्यानं गाडी मिस्त्रीकडे नेली. सायलेन्सरचा मधला जॉइंट सुटत आला होता, आजूबाजूचा पत्रा काळा पडलेला. दादा बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "स्टँडवरच्या पोरांना पण सांगाय पायजे गं. सगळी अशीच झोपत्यात."

आता त्याच्या गाडीत जाळी आहे, पंखा आहे, अलार्म आहे. मे महिन्यात उकडतं, शिव्या मला खायला लागतात. चालतंय.

तर मंडळी, आज रात्री तुमच्या ओळखीचं कुणीतरी गाडीत झोपणार असेल. कॅबवाला भाऊ, ट्रकवाले काका, नाहीतर कोकणात निघालेला मित्र. त्यांना लिंक पाठवायचा कंटाळा आला तर दोनच शब्द पाठवा : इंजिन बंद.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!