कॅमेऱ्यातला पाहुणा उशिरा का येतो?

दाराची घंटा वाजते. घरात एकट्या असलेल्या आजी मोबाईलवर पाहतात, तर दारात कोणीच नाही. कोणी खोडी केली असेल असे समजून त्या दार उघडतात, तो समोर अनोळखी माणूस! मोबाईलवरचा माणूस मात्र आत्ता कुठे घंटेकडे हात नेत असतो. कॅमेरा खोटे बोलला नाही; त्याने काही सेकंदांपूर्वीचे खरे सांगितले. मधले सेकंद गेले कुठे?

विद्यार्थी बहुधा ‘सर्व्हर लांब आहे’ असे उत्तर देतील. गणित करून पाहू. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख कि.मी. जातो. सर्व्हर ४००० कि.मी. दूर असला, तरी जाऊन येण्यास ०.०४ सेकंद पुरतात. म्हणजे दोष केवळ अंतराचा नाही.

खरे ओझे माहितीचे आहे. एका चित्रात १९२० × १०८० ठिपके, प्रत्येक ठिपक्याला २४ बिट आणि सेकंदाला २५ चित्रे धरली, तर दर सेकंदाला सुमारे १२४ कोटी बिट होतात! म्हणून कॅमेरा मधूनमधूनच पूर्ण चित्र पाठवतो; एरवी फक्त काय बदलले ते कळवतो. त्यामुळे ओझे ४० लाख बिटांच्या आसपास येते. या आकडेमोडीला थोडा वेळ लागतो. शिवाय चित्र अडखळू नये म्हणून मोबाईलही थोडा साठा करून मगच दाखवू लागतो.

आता समजा, घरातून बाहेर सेकंदाला ३० लाख बिटच जाऊ शकतात. दहा सेकंदांत ४ कोटी बिट तयार झाले, ३ कोटी गेले, १ कोटी तुंबले. ते जायला आणखी ३.३ सेकंद हवेत. नळ मोठा आणि मोरी लहान असली की पाणी तुंबते, तसेच हे.

करून पहा

सेकंदकाटा असलेले घड्याळ कॅमेऱ्यासमोर ठेवा. शेजारी मोबाईलवर तेच दृश्य लावा आणि दुसऱ्या मोबाईलने दोन्हींचा एकत्र फोटो घ्या. दोन वेळांतला फरक म्हणजे विलंब. दर मिनिटाला नोंद करा.

विलंब वाढत असेल, तर माहिती तुंबते आहे. चित्राचा दर्जा एक पायरी कमी करून पुन्हा मोजा. विलंब कमी-जास्त होत असेल, तर वाय-फायवर संशय घ्या. जाड भिंती, शेजाऱ्यांचे राउटर, चालू मायक्रोवेव्ह भट्टी यांमुळे संदेश बिघडतात आणि पुन्हा पाठवावे लागतात. राउटर कॅमेऱ्याजवळ आणा किंवा, सोय असल्यास, तार जोडा. विलंब स्थिर राहिला, तर तो बहुधा आकडेमोडीचा आणि साठ्याचा. तो पुरता जाणार नाही. मात्र एका वेळी एकच बदल करावा, नाहीतर गुण कशाने आला ते कळणार नाही.

आणि आजींना काय सांगावे? दार न उघडता ‘कोण आहे?’ असे विचारावे. दाराबाहेरचा आवाज ३ मीटर अंतर सेकंदाच्या शंभराव्या भागात कापतो. तेवढा झटपट कॅमेरा अजून आपल्या दारी आलेला नाही.