पाठीमागे सूर्य, समोर आपला माणूस

रिश्त्याची बोलणी सुरू झाली की सर्वांत आधी मागितला जातो तो मुलीचा फोटो. तो कधी स्टुडिओत काढलेला असतो, कधी भावाच्या मोबाइलवर. मग त्यावर अॅपचा हात फिरतो. सावळी मुलगी गव्हाळ होते, गव्हाळ असेल ती गोरी होते. चार दिवसांनी पाहुणे येतात. मुलाची अम्मी किंवा फुफी आधी मोबाइलमधल्या फोटोकडे बघते, मग चहाचा ट्रे घेऊन आलेल्या मुलीकडे. ही नजर आपल्यापैकी पुष्कळ घरांनी पाहिली आहे. मुलीचा त्यात काही दोष नसतो, पण ती नजर तिलाच झेलावी लागते.

गोरेपणाच्या हव्यासावर लिहावे तेवढे थोडेच. पण या गोष्टीला एक साधी, हातात असलेली बाजूही आहे आणि तिच्याकडे कुणी लक्ष देत नाही. पुष्कळदा फोटोत चेहरा काळवंडतो तो उजेड चुकल्यामुळे, आणि मग तो ‘सुधारायला’ अॅप उघडले जाते. उजेड जागेवर आणला तर निम्म्या वेळा अॅपची गरजच पडत नाही.

आपल्या हिंगोली जिल्ह्यात ऊन भरपूर आणि तेच अडचणीचे. माणसाला उन्हाकडे तोंड करून उभे केले की डोळे बारीक होतात, कपाळाला आठ्या पडतात, भुवयांची सावली डोळ्यांत उतरते. उन्हाकडे पाठ केली की मागचे शेत आणि आकाश सुरेख येते, चेहरा मात्र काळा. साधा कॅमेरा चौकटीतल्या सगळ्या उजेडाचा सरासरी हिशेब धरतो. मागे लख्ख आकाश असेल तर तो सगळेच चित्र गडद करतो, आणि सावलीतला चेहरा त्या आकाशापेक्षा सहज चौपट ते आठपट मंद असतो. चूक कॅमेऱ्यांची जुनीच. कोडॅकच्या रंगीत फिल्मसाठी प्रयोगशाळांना नमुन्याचे जे कार्ड मिळे, त्यावर वर्षानुवर्षे गोऱ्या बाईचाच फोटो असे. तिचा रंग ठीक आला म्हणजे यंत्र ठीक. आपल्या रंगाचे चेहरे त्या हिशेबात नव्हतेच.

तरीही माणसाला उन्हाकडे पाठ करूनच उभे करावे, असे माझे ठाम मत आहे. डोळे मोकळे राहतात, चेहरा सैल होतो, केसांना, ओढणीच्या काठाला, टोपीच्या कडेला उजेडाची बारीक रेघ येते. काळ्या बुरख्यातल्या दादी मागच्या झाडांत मिसळून जात नाहीत. त्या रेघेने वेगळ्या उठून दिसतात. मग राहते एवढेच की समोरून चेहऱ्यावर थोडा उजेड भरायचा. फ्लॅशने भरला तर छायाचित्रकार त्याला ‘फिल फ्लॅश’ म्हणतात. भर दिवसा फ्लॅश कशाला, असे लोक विचारतात. रात्रीपेक्षा त्याची खरी गरज दिवसाच असते, हे एकदा करून पाहिल्यावरच पटते.

वेळ कोणती? याचे उत्तर आपल्या घरातच आहे. भिंतीवरच्या घड्याळाआधी अस्रची वेळ सावलीवरून ठरत असे. हनफी मताप्रमाणे माध्यान्हीची मूळ सावली वगळून वस्तूची सावली तिच्या उंचीच्या दुप्पट झाली की अस्र सुरू होते. कोकणातल्या शाफई घरांत एकपट झाली की होते, म्हणून तिथली अस्र लवकर. हिंगोलीच्या अक्षांशावर हिशेब मांडला तर हनफी अस्रच्या सुरुवातीला सूर्य हिवाळ्यात क्षितिजापासून साधारण १९ अंशांवर आणि उन्हाळ्यात २५-२६ अंशांवर असतो. पाठीमागून खांद्यावर उजेड यायला हीच उंची हवी. नमाज झाली की मगरीबच्या अर्धा तास आधीपर्यंत निवांत फोटो काढावेत. मुलगी आपल्यासमोर उभी आहे, तिची सावली आपल्या पायांकडे आली आहे आणि तिच्या उंचीपेक्षा चांगली लांब आहे, एवढे दिसले की जागा बरोबर आहे. सूर्य चौकटीत घुसून चित्र धुरकट होत असेल तर तो तिच्या डोक्याआड किंवा लिंबाच्या फांदीआड येईल असे एक पाऊल सरकावे, नाहीतर भिंगावर तळहाताची सावली धरावी.

दुपारी मात्र हे जमत नाही. मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात हिंगोलीत भर माध्यान्ही सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि सावली पायाखाली नाहीशी होते. तेव्हा पाठीमागे असा उजेडच नसतो. अलीकडे बकरी ईद याच दिवसांच्या आसपास येते (२०२५ मध्ये ती ७ जूनला होती), म्हणून त्या दिवशी फोटो सकाळीच उरकावेत किंवा सरळ अस्रवर ठेवावेत.

ईदच्या सकाळची गोष्ट वेगळी आणि मला सर्वांत आवडणारी. आपल्याकडे किब्ला पश्चिमेला, म्हणून ईदगाहची भिंतही पश्चिमेला, आणि सकाळचे ऊन थेट तिच्यावर. भिंत बहुधा चुन्याने किंवा रंगाने पांढरी केलेली असते. नमाज आणि गळाभेटी झाल्यावर अब्बा, मामू, मुले यांना भिंतीकडे तोंड करून उभे करावे, सूर्य त्यांच्या पाठीशी. आपण भिंतीकडे पाठ करून त्यांच्यासमोर राहावे. भिंतीवरून परतलेला मऊ उजेड सगळ्या चेहऱ्यांवर पडतो; फ्लॅश लागत नाही, कुणी डोळे मिटत नाही. भिंतीपासून लांब गेले की हा उजेड झपाट्याने विरतो, म्हणून चार-पाच पावलांतच राहावे. मार्चअखेरच्या ईदला साडेनऊच्या सुमारास सावली माणसाच्या उंचीएवढी असते. त्याआधी फोटो झालेले बरे. भिंत नसली तर पांढरे कुडते घातलेले दोन-तीन चुलतभाऊ उन्हात समोर उभे करावेत. त्यांच्या कपड्यांवरूनही पुरेसा उजेड परततो, आणि त्यांनाही काहीतरी काम मिळते.

पायाखालची जमीनही बघावी. आपली काळी रेगडी उजेड गिळते. शेतात उभ्या माणसाची हनुवटी आणि गळा गडद येतो. वसमतकडे उन्हाळ्यात शिजवलेली हळद उघड्यावर वाळत घातलेली असते. तिच्या शेजारी काढलेल्या फोटोत खालून चेहऱ्यावर पिवळी झाक चढते. कुणाला ती आवडेलही, रिश्त्याच्या फोटोला नको. अंगणातली फरशी किंवा पांढरी चादर अंथरलेली बाज चांगली.

आता ज्यांच्याकडे कॅमेरा आणि वेगळा फ्लॅश आहे त्यांच्यासाठी. आयएसओ १०० ठेवावा. शटर १/२०० च्या वर नेऊ नये. बहुतेक कॅमेऱ्यांत १/२०० ते १/२५० च्या पुढे गेले की साध्या फ्लॅशचा उजेड चौकटीच्या एका भागात पोचतच नाही आणि काळी पट्टी येते. आधी फ्लॅश बंद ठेवून मागचे आकाश नीट येईल इतके अॅपर्चर लावावे. चेहरा काळा येईल, येऊ द्या. मग फ्लॅश चालू करून त्याची ताकद नेहमीपेक्षा एक ते दीड पायरी कमी करावी. पूर्ण ताकद दिली तर चेहरा पिठूळ होतो आणि माणूस कागदातून कापून चिकटवल्यासारखा दिसतो. आपल्याकडच्या लग्नांच्या अल्बममध्ये असे फोटो ढिगाने आहेत. फ्लॅशचा उजेड दुप्पट अंतरावर चौथाईच उरतो, म्हणून ग्रुप फोटोत पुढची मुले भगभगीत आणि मागचे काका अंधारात जातात. सगळ्यांना एका रांगेत, फार तर दोन रांगांत घ्यावे. संध्याकाळचे ऊन पिवळे असते आणि फ्लॅश पांढरा. फ्लॅशवर फिकट केशरी पारदर्शक कागदाचा तुकडा लावला की दोन्हींचा मेळ बसतो.

मोबाइलच्या दिव्यावर उघड्या उन्हात भिस्त ठेवू नये. हातभर अंतरापलीकडे त्याचा काही उपयोग नाही. त्यापेक्षा टीव्ही-फ्रिजच्या खोक्यातला थर्माकोलचा पांढरा तुकडा घ्यावा. छोट्या भावाने तो मुलीच्या समोर, छातीच्या उंचीवर, चौकटीच्या जरा बाहेर धरावा आणि चेहरा उजळेपर्यंत हळूहळू फिरवावा. मोबाइलच्या पडद्यावर चेहऱ्यावर बोट ठेवले की तो उजेडाचा हिशेब चेहऱ्यावरून धरतो. काळा बुरखा जवळून घेतला तर कॅमेरा फसून चेहरा जास्त उजळ करतो, पांढऱ्या शेरवानीने उलटा फसतो. तेव्हा बोटाने उजेड थोडा कमी-जास्त करावा.

फोटो काढावा की नाही यावर आपल्या घराघरांत वेगवेगळी मते आहेत. ज्यांना नको त्यांना आग्रह करू नये. ज्यांना हवा आहे त्यांचा परक्या पुरुषासमोर बसल्याशिवायही निघू शकतो, आणि ही सोय आजची नाही. आपला हा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. सहाव्या निजामाचे दरबारी छायाचित्रकार राजा दीनदयाळ यांनी १८९२ मध्ये हैदराबादेत खास बायकांसाठी जनाना स्टुडिओ उघडला. तिथे फोटो काढायला केनी-लेव्हिक नावाच्या इंग्रज बाई होत्या. पडद्यातल्या बेगमांसाठी जे तेव्हा करावे लागले, ते आज आपली कॉलेजात जाणारी मुलगी गच्चीवर करू शकते. बाजीचा फोटो तिने काढावा, थर्माकोल भाभीने धरावा. आणि काढलेला फोटो बाजीला विचारल्याशिवाय कुणाच्या व्हॉट्सअॅप स्टेटसवर जाऊ नये, हे घरातल्या मुलांना आधीच सांगून ठेवावे.

दादी-नानींचे फोटोही याच वेळी काढून घ्यावेत. बहुतेकींचा एकच फोटो असतो, आधारकार्डावरचा. मोतीबिंदूचे ऑपरेशन झालेल्या डोळ्यांना फ्लॅशचा त्रास होऊ शकतो. त्यांना भिंतीच्या किंवा थर्माकोलच्या उजेडातच घ्यावे, खुर्चीवर बसवून, हातात तस्बीह असेल तर ती राहू द्यावी.

प्रिंट काढायला स्टुडिओत गेल्यावर कॉम्प्युटरवर बसलेला मुलगा विचारण्याआधीच चेहरा उजळायला घेतो. त्याची ती सवय झालेली असते. त्याच्या शेजारी उभे राहावे आणि शांतपणे म्हणावे, “भाई, चेहऱ्याला हात लावू नका, आहे तसाच काढा.”