पायात पिना आणि शेतात चिखल



पाऊस लागला की आपल्या रांध्याच्या बाजूला भाताची लावणी सुरू होते आणि हातपाय मोडण्याचे प्रकारही वाढतात. ओल्या रस्त्यावर मोटारसायकल घसरते, निसरड्या ताडावरून माणूस खाली येतो. हाड कातडी फाडून बाहेर आले असेल तर जखमेवर प्लास्टर घालून ती झाकून टाकणे धोक्याचे असते. अशा वेळी डॉक्टर हाडात पोलादी पिना बसवतात आणि त्या बाहेरच्या सळईला जोडतात. यालाच एक्स्टर्नल फिक्सेटर म्हणतात. त्यामुळे हाड हलत नाही आणि जखमही धुता येते.

काहींना हे नवे खूळ वाटते, पण ते खूळ नव्हे. सायबेरियातील कुर्गान येथे डॉ. इलिझारोव्ह यांनी 1950 नंतरच्या दशकातच तारा आणि कड्यांची चौकट वापरात आणली. मुंबईच्या डॉ. बी. बी. जोशी यांची 'जेस' ही हलकी चौकट हाताच्या बोटांना आणि जन्मतः वाकडी पावले असलेल्या मुलांनाही उपयोगी पडली.

पण प्रत्येक पीन ही कातडीतून थेट हाडापर्यंत गेलेली वाट आहे. कुंपणाला भोक राहिले की शेळी आत शिरतेच, तसे येथे जंतू शिरतात. पिनेभोवतीची कातडी वरखाली हलत राहिली की ही वाट आणखी रुंदावते. म्हणून पिनेभोवती गॉज थोडी घट्ट बसवतात. ती सैल वाटली म्हणून घरच्या घरी काढून फेकू नये.

सफाई रोज करायची की आठवड्यातून एकदा, यावर डॉक्टरांतही एकमत नाही. तेव्हा तुम्हाला इस्पितळातून घरी सोडताना जे सांगितले असेल तेच पाळा, शेजाऱ्याच्या पायाला काय सांगितले होते ते नव्हे. मात्र सफाईच्या आधी साबणाने हात धुणे सर्वांनाच लागू आहे. डॉक्टरांनी दिलेले सलाईन किंवा औषध वापरावे. प्रत्येक पिनेला गॉजचा नवा तुकडा घ्यावा आणि पिनेपासून बाहेरच्या बाजूला पुसत जावे. कापूस नको, त्याचे तंतू पिनेला चिकटून राहतात.

घरभेटींत मी पिनांभोवती हळद लिंपलेली पाहिली आहे. कोठे तंबाखू लावतात, कोठे पाला वाटून बांधतात. शुभवर्तमानातील दयाळू शोमरोनी माणसाने जखमेवर तेल व द्राक्षारस ओतला हे खरे, पण त्याच्यापाशी त्या वाटेवर दुसरे काही नव्हते. आपल्याला सिल्वासाचे सिव्हिल हॉस्पिटल आहे. पिनेवर तेल ओतू नका, शेण तर मुळीच लावू नका. विडीही तेवढे दिवस बंद ठेवा, कारण तिने हाड जुळायला उशीर लागतो. मधुमेह असेल तर साखर ताब्यात ठेवलीच पाहिजे.

खरी अडचण शेताची आहे. आवण तयार आहे, पाऊस चांगला आहे आणि घरचा कर्ता माणूस खाटेवर. मग एखाद्या सकाळी तो पायाला प्लॅस्टिकची पिशवी बांधून चिखलात उतरतो. पिशवीत पाणी शिरतेच आणि खाचरातले ते पाणी शेणखताचे असते. त्याला नुसते रागावून भागणार नाही. पाड्यावरच्या चार घरांनी सावडीने त्याची लावणी उरकून दिली तर तो घरी बसेल. गोठ्याचे कामही दुसऱ्याने करावे. नदीत किंवा तळ्यात पाय बुडवू नये.

आरंभी पिनेजवळून थोडे पातळ पाणी येते, त्याने घाबरू नये. पण कातडी लाल आणि गरम झाली, दुखणे वाढले, पू किंवा दुर्गंधी आली, पीन हलू लागली किंवा ताप चढला तर त्याच दिवशी इस्पितळ गाठा. वेळेवर गेलात तर बहुधा गोळ्या आणि सफाईने भागते. उशीर झाला तर पीन काढावी लागते, आणि जंतू हाडात उतरले तर उपचार कित्येक महिने चालतात. घरी सळईचे नटबोल्ट सैल करू नका. उरलेल्या जुन्या गोळ्याही आपल्या मनाने घेऊ नका.

लावणीच्या दिवसांत एखाद्याला इस्पितळात न्यायला गाडी मिळत नसेल तर रविवारची वाट न पाहता चर्चमध्ये निरोप पाठवा.